मागून धडक बसली, मान धरली: कायरोप्रॅक्टरकडे कधी जावं आणि कधी नाही

सिग्नलला गाडी उभी असते आणि मागून कुणीतरी ठोकतं. बंपरला पोचा पडतो, दोन शब्द होतात, नंबर आणि फोटो घेतले जातात आणि माणूस घरी येतो. त्या रात्री विशेष काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उशीवरून डोकं उचलवत नाही. मान एका बाजूला वळत नाही, डोक्याची मागची बाजू ठणकते, खांदे जड होतात. हाच व्हिपलॅश. मग सल्ले सुरू होतात: पट्टा लाव, महिनाभर मान हलवू नको, नाहीतर अमक्याकडे जा, तो एका झटक्यात मोकळी करून देतो.

पहिल्या आठवड्यात महिनाभराचा पट्टा चुकीचा आणि झटकाही चुकीचा. कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणके आणि सांध्यांवर हातांनी करायच्या उपचारांचा, व्हिपलॅशमध्ये उपयोग होऊ शकतो, पण ठरावीक क्रमाने: आधी तपासणी, मग स्वतःची हालचाल, आणि त्यानंतर दुसऱ्याचे हात. हा क्रम उलटा झाला तर दुखणं लांबतं आणि क्वचित जिवावर बेततं.

मानेत नेमकं काय होतं

मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे लोटते. साडेचार-पाच किलोचं डोकं मात्र क्षणभर जागच्या जागी राहतं. साधारण पहिल्या १०० मिलिसेकंदांत मानेचे खालचे मणके मागे वाकतात आणि त्याच वेळी वरचे पुढे वाकतात. असा दुहेरी वाक मान एरवी कधीच घेत नाही. धक्का अनपेक्षित असल्यामुळे स्नायू सावरायला येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त ओढ बसते ती फॅसेट सांध्यांना. प्रत्येक दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला डावा-उजवा असे हे छोटे सांधे जोडीने असतात. त्यांचं आवरण ताणलं जातं, कधी आतला नाजूक पडदा चिमटतो. दोन-चार तासांनी सूज येते, आजूबाजूचे स्नायू आखडतात, आणि म्हणूनच दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उगवतं.

हे सांधे जिथे असतात तिथेच दुखतील असं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यामधला सांधा दुखावला तर डोक्याच्या मागे ठणका लागतो. पाचव्या-सहाव्यामधला दुखावला तर वेदना खांद्यावर आणि फऱ्याच्या वरच्या भागात उमटते. खांदा दुखला की ‘नस दबली’ असं घाईनं ठरवलं जातं. नस खरोखर दबली असेल तर दुखण्यासोबत हाताच्या ठरावीक बोटांत मुंग्या, बधिरपणा, पकड ढिली होणं किंवा रिफ्लेक्स मंद होणं, यातलं काहीतरी सापडतं. हे हाताने तपासूनच कळतं.

एक्स-रेमध्ये फॅसेटच्या आवरणाची इजा दिसत नाही. रिपोर्टात मात्र ‘मानेची कमान सरळ झाली आहे’ असं वाक्य हमखास असतं आणि तेच दाखवून लोकांना घाबरवलं जातं. स्नायू आखडले असतील किंवा फोटो काढताना हनुवटी थोडी खाली गेली असेल तरी कमान सरळ दिसते, आणि काहीही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांची ती मुळातच तशी असते. एमआरआयमधल्या ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप’ या शब्दांचंही तेच. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली एखादी तरी गादी फुगलेली होती. त्यामुळे अपघातानंतरच्या एमआरआयमध्ये फुगलेली गादी दिसली म्हणून ती अपघातानेच फुगली, किंवा तीच दुखतेय, असं म्हणता येत नाही.

डॉक्टर या दुखापतीच्या पायऱ्या करतात. १९९५ साली कॅनडातल्या क्युबेकमधल्या तज्ज्ञ गटाने घातलेली ही पद्धत आजही चालते. पहिली पायरी म्हणजे फक्त दुखणं आणि आखडणं. दुसरीत तपासताना मान कमी वळते आणि दाबल्यावर ठरावीक जागा दुखते. तिसरीत मज्जातंतूंची चिन्हं येतात: बधिरपणा, ताकद कमी होणं. चौथी म्हणजे हाड मोडणं किंवा सांधा निखळणं. कायरोप्रॅक्टरचं काम पहिल्या दोन पायऱ्यांवर. तिसरीत डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काहीही करू नये. चौथी हे सर्जनचं क्षेत्र.

मानेला कुणाचाही हात लागण्याआधी

आपण चौथ्या पायरीवर नाही हे आधी ठरलं पाहिजे. त्यासाठी कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ साली एक नियम मांडला, जो जगभरच्या अपघात विभागांत वापरला जातो. तो पूर्ण शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसासाठी आहे. दारू प्यायलेला, गोंधळलेला किंवा डोक्याला मार लागून सुन्न झालेला माणूस त्यात बसत नाही.

पहिला प्रश्न धोक्याचा. वय ६५ किंवा जास्त आहे का? हातापायांना मुंग्या आहेत का? अपघात घातक प्रकारचा होता का, म्हणजे वेग ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त होता, गाडी उलटली, माणूस बाहेर फेकला गेला, किंवा डोक्यावर आपटला? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर आधी स्कॅन. दुचाकीवरून उडून पडलेल्यांनी स्वतःला याच गटात धरावं.

तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर दुसरा प्रश्न: मान वळवून बघायला सुरक्षित आहे का? साधी मागून धडक असेल, माणूस अपघातानंतर चालला असेल, निवांत बसू शकत असेल, दुखणं उशिरा सुरू झालं असेल, किंवा मानेच्या मधोमध हाडावर दाबल्यावर दुखत नसेल, यातली एक गोष्ट जरी असली तरी वळवून बघता येते. शेवटचा प्रश्न: स्वतःहून मान डावीकडे ४५ अंश आणि उजवीकडे ४५ अंश वळते का? दुखत का असेना, पण वळते? वळत असेल तर स्कॅनची गरज नाही. वळत नसेल तर स्कॅन.

इथे आपल्याकडच्या वाचकांनी एका तपशिलाकडे नीट बघावं. या नियमात बसने किंवा मोठ्या ट्रकने दिलेली धडक ‘साधी मागून धडक’ धरली जात नाही. समोरून येणाऱ्या वाहतुकीत ढकलली गेलेली गाडीही नाही. पुण्याच्या नवले पुलाजवळ किंवा बोरघाटात ब्रेक निकामी झालेला ट्रक चार-पाच गाड्यांवर येतो तेव्हा मधल्या गाडीतला माणूस ‘मी तर चालत बाहेर आलो’ म्हणून थेट मान मोकळी करून घ्यायला गेला तर तो मोठी जोखीम घेतो. त्याने आधी हॉस्पिटल गाठावं.

दुसरी धोक्याची गोष्ट हाडांची नाही, रक्तवाहिनीची आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून दोन व्हर्टिब्रल धमन्या मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेतात. जोराच्या झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. चिरेत रक्त साठतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. ही चीर अपघातानेच पडलेली असू शकते आणि सुरुवातीला बऱ्याचदा तिचं एकच लक्षण असतं: मान आणि डोक्याची मागची बाजू दुखणं. म्हणजे रुग्ण ज्या तक्रारीसाठी कायरोप्रॅक्टरकडे जातो, नेमकी तीच. अशा मानेला झटका दिला तर काय होईल हे सांगायला नको. हे क्वचितच घडतं, पण घडलं तर भरून न येणारं असतं, म्हणून पुढची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत असावीत: एका बाजूला, आधी कधीच न झालेलं जोराचं दुखणं, चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, चेहऱ्याचा एक भाग बधिर, एक पापणी उतरणं, चालताना तोल जाणं. यातलं काहीही अपघातानंतर दोन तासांनी दिसो की पाच दिवसांनी, न्यूरॉलॉजिस्ट आणि सीटी अँजिओची (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनची) सोय असलेल्या हॉस्पिटलात जायचं. हातांनी शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, तरीही तेच.

कायरोप्रॅक्टर काय करतो

१८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी ही पद्धत सुरू केली. मणका जागचा हलला की बहुतेक सगळे आजार होतात, हा त्यांचा सिद्धांत टिकला नाही. मानेच्या आणि पाठीच्या दुखण्यासाठी हातांनी करायचे उपचार मात्र टिकले आणि फिजिओथेरपीतही ते वेगळ्या वाटेने आले.

प्रसिद्धी मिळते ती ‘कट्’ आवाजाला. सांध्यातल्या वंगणात दाब एकदम कमी झाला की वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे, आणि आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असंही नाही. झटक्यानंतर काही तास मान हलकी वाटते, ती स्नायूंचा ताण तात्पुरता सैल झाल्यामुळे.

व्हिपलॅशमध्ये ज्याचा खरा उपयोग आहे तो प्रकार दिसायला अगदी साधा असतो. तुम्ही उताणे झोपता, डोकं उपचार करणाऱ्याच्या तळहातांत असतं. तो बोटांनी एकेक सांधा चाचपतो. दुखणारी जागा सापडली की तिथे सौम्य, तालबद्ध दाब देतो, सेकंदाला एक-दोन वेळा, अर्धा ते एक मिनिट. मग मान पुन्हा वळवून बघतो आणि असं दोन-तीन वेळा करतो. यात झटका नाही, आवाज नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही कोणत्याही क्षणी ‘थांबा’ म्हणू शकता. मानदुखीवर झालेल्या अभ्यासांत हा सौम्य प्रकार आणि झटका यांचा परिणाम जवळपास सारखाच आढळला आहे. परिणाम सारखा आणि धोका कमी, तर ताज्या दुखापतीत झटका का घ्यायचा? आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या काही आठवड्यांत मानेला झटका नको. पाठीच्या वरच्या भागाला, फऱ्यांच्या मधल्या मणक्यांना हाताने उपचार केले तर मानेची हालचालही थोडी सुधारते, आणि त्यात मानेच्या धमनीचा प्रश्न येत नाही.

काहींनी मानेचा झटका कधीच घेऊ नये: हाडं ठिसूळ असलेले, अनेक वर्षं स्टेरॉइड घेणारे, संधिवाताचे (रूमॅटॉइड) रुग्ण, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणके आखडून एकमेकांना जुळत जाण्याचा आजार) असलेले, रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेले, डाउन सिंड्रोम असलेले, मानेची शस्त्रक्रिया झालेले. संधिवातात पहिल्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारा अस्थिबंध सैल झालेला असू शकतो, म्हणून तिथे धोका फार मोठा.

केस कापून झाल्यावर न्हावी मान मोडून देतो तेही याच सदरात येतं. अपघातानंतर तर ते अजिबात नको.

चांगला कायरोप्रॅक्टर पहिल्या भेटीतला निम्मा वेळ प्रश्न विचारण्यात आणि तपासण्यात घालवतो: अपघात कसा झाला, रक्तदाब किती, रिफ्लेक्स, बोटांची ताकद, डोळ्यांची हालचाल. एक तपासणी तर घरीही समजून घेण्यासारखी आहे. डोक्याच्या पट्ट्यावर छोटा लेझर लावून भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर बसवतात. ठिपका जिथे पडतो तिथे खूण करतात. मग डोळे मिटून मान पूर्ण वळवायची आणि अंदाजाने पुन्हा मध्ये आणायची. ठिपका खुणेपासून साधारण ७ सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब पडत असेल तर मानेची ‘मी कुठे आहे’ ही जाणीव बिघडलेली आहे. व्हिपलॅशनंतर येणारी अस्थिर, डळमळल्यासारखी चक्कर पुष्कळदा यातूनच येते आणि त्याच लेझरने सराव करून ती सुधारते. पाच मिनिटांत टेबलावर झोपवून थेट मान फिरवणारा माणूस यातलं काहीच करत नाही. तिथून उठून यावं.

जायचं कुणाकडे

अमेरिकेत आणि कॅनडात कायरोप्रॅक्टर हा परवानाधारक व्यवसाय आहे. भारतात त्यासाठी वेगळी कायदेशीर परिषद नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. परदेशातली पूर्ण वेळची पदवी घेतलेले मोजके लोक मुंबई-पुण्यात आहेत. आठवड्याभराचा कोर्स करून व्हिडिओ टाकणारेही आहेत. महाराष्ट्रात त्यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे मस्क्युलोस्केलेटल (हाडं, सांधे आणि स्नायूंच्या) विषयात मास्टर्स केलेला फिजिओथेरपिस्ट. त्यांची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, नंबर विचारायला संकोच करू नये. हातांनी करायचं तंत्र तेच असतं. गावाकडचा हाडवैद्य मुरगळलेल्या पायावर कितीही नावाजलेला असला तरी अपघातातली मान त्याच्याकडे नेऊ नये.

पैशाची बाजू देशागणिक बदलते. न्यू जर्सीत पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. तिथे चूक कुणाचीही असली तरी उपचाराचा खर्च तुमच्याच वाहन विम्यातला पीआयपी (पर्सनल इंजुरी प्रोटेक्शन) हा भाग देतो, आणि मान-पाठीच्या दुखापतीसाठी उपचारांचे टप्पे ठरवून दिलेले आहेत. विमा कंपनीची आधी मंजुरी न घेता पुढचे उपचार घेतले तर बिल अंगावर येऊ शकतं. फ्लोरिडात अपघातानंतर १४ दिवसांच्या आत पहिली तपासणी झाली नाही तर पीआयपीचा हक्कच जातो. ओंटारियोत किरकोळ दुखापतीच्या गटाला ३,५०० कॅनेडियन डॉलरची मर्यादा आहे. भारतात मालक-चालकाचा सक्तीचा १५ लाखांचा अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, फिजिओच्या बिलासाठी नाही. तरीही पहिल्या दिवसापासूनचे कागद आणि पावत्या जपाव्यात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तेच विचारतात.

स्वतः करायचं काम

तपासणीत धोक्याचं काही निघालं नाही, तर औषधापेक्षा जास्त काम हालचाल करते. स्वीडनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या ९६ तासांत सुरू केलेल्या अगदी साध्या व्यायामाचा फायदा दिसला: मान सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवायची, दुखणं वाढणार नाही इतकीच, प्रत्येक बाजूला १० वेळा, जागेपणी दर तासाला. बसून जमत नसेल तर झोपून. मोबाइलवर तासाचा गजर लावणं हा त्यातला सर्वांत अवघड भाग, कारण बरं वाटू लागलं की लोक तो बंद करतात.

पहिला आठवडा उलटल्यावर आतल्या, मानेच्या पुढच्या खोल स्नायूंचा व्यायाम. उताणे झोपा, मानेखाली घडी केलेला पातळ टॉवेल. ‘हो’ म्हणताना डोकं हलतं तितकंच हनुवटीने खाली जायचं. डोकं उचलायचं नाही. १० सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताठ होऊन वर आल्या तर जोर जास्त होतोय, कमी करा. इथेच बहुतेकांचं चुकतं: ते डोकं उचलून धरतात, वरवरचे स्नायू आणखी थकतात आणि ‘व्यायामाने वाढलं’ म्हणून सोडून देतात.

पट्टा लावलाच तर दोन-तीन दिवस, तोही प्रवासापुरता. १५ मिनिटं शेक किंवा बर्फ, ज्याने बरं वाटेल ते. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. मान दोन्ही खांद्यांकडे वळून मागचं दिसत नाही तोवर गाडी चालवू नये. दुचाकी तर नकोच, कारण हेल्मेट डोक्याच्या वजनात आणखी किलो-दीड किलोची भर घालतं. पुन्हा गाडीत बसाल तेव्हा हेडरेस्ट वर ओढा: वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीत, आणि डोक्यामागचं अंतर जेवढं कमी तेवढं चांगलं, चार बोटांच्या आत असेल तर उत्तम. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत ते पार खाली दाबलेलं असतं आणि मग ते डोक्याला नाही, मानेला टेकतं.

उपयोग होतोय का हे कसं कळेल

‘थोडं बरं वाटतंय’ हे माप नाही. कॅनडातले कायरोप्रॅक्टर हॉवर्ड व्हर्नन यांनी १९९१ साली नेक डिसॅबिलिटी इंडेक्स ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. वाचन, झोप, गाडी चालवणं, वजन उचलणं असे १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ५०. चारपर्यंत गुण म्हणजे अडचण नाही, ५ ते १४ सौम्य, १५ ते २४ मध्यम, त्यापुढे तीव्र. पहिल्या दिवशी भरा आणि सहा-आठ भेटींनंतर, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी, पुन्हा भरा. पाच गुणांपेक्षा कमी फरक धरू नये. तेवढाही उतरला नसेल तर तोच उपचार पुढे रेटण्यात अर्थ नाही. चाळीस भेटींचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन विकणारा हे माप कधीच लावत नाही.

बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, पण जवळपास निम्म्या लोकांना वर्षानंतरही मानेचा काही ना काही त्रास राहतो. सुरुवातीलाच दुखणं फार जास्त असणं, अपघाताची दृश्यं झोपेत येणं, गाडीत बसायची धास्ती वाटणं, या गोष्टी असतील तर हा धोका वाढतो, आणि त्यांच्यावर मानेइतकेच उपचार लागतात. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे दुखणं खोटं आहे असं नव्हे.

तीन महिन्यांनंतरही एकाच बाजूचं, एकाच जागेचं दुखणं हटत नसेल तर पेन फिजिशियनकडे जावं. ते फॅसेट सांध्याला जाणाऱ्या बारीक नसेजवळ भूल देऊन बघतात. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या औषधाने दोन्ही वेळा दुखणं थांबलं तर सांधा सापडला. मग रेडिओफ्रीक्वेन्सीने ती नस तापवून बंद करतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिपलॅशच्या रुग्णांवरच्या चाचणीत या उपचारानंतर दुखणं निम्म्यापर्यंत परत यायला मध्यकानुसार (म्हणजे निम्म्या रुग्णांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २६३ दिवस लागले, नुसती सुई घालून नस न तापवलेल्यांत ८ दिवस. नस पुन्हा वाढते, त्यामुळे दुखणं परतलं तर हा उपचार पुन्हा करता येतो.